पोर्ट चार, पिवळा

पहाटे दोन एकेचाळीसला बझर वाजला.
डबा नुकताच उघडला होता,
वालाचं बिरडं, गार.
आधी बझर गप्प केला.
त्या बटणावर लिहिलंय ‘मान्य’.
मान्य केल्याने दुरुस्त काही होत नाही,
आवाज तेवढा थांबतो.

शिवडीच्या या खोलीला खिडकी नाही.
खाडीला भरती आहे की ओहोटी,
चिखलात पक्षी उतरलेत की गेले,
एसीच्या घरघरीतून कळायला मार्ग नाही.
बावीस अंशांत, शाल गुंडाळून,
ज्यांना कधी पाहिलं नाही
त्यांचे फोन मी जिवंत ठेवते.

पोर्ट चार, पिवळा.
पलीकडे चेंबूरचं प्रसूतिगृह, तीस लायनी.

नवी पोरं पिवळा पाहून लगेच म्हणतात,
मॅडम, त्यांच्याकडचा फॉल्ट,
आपल्याकडे लाल कुठाय?
मीही हेच म्हणायचे.
तेव्हा पास्कल घोन्साल्विस सरांनी
रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर दोन बाण काढले,
एक जाणारा, एक येणारा.
‘लाल म्हणजे मला ऐकू येत नाही.
पिवळा म्हणजे तो सांगतोय,
त्याला माझं ऐकू येत नाही.
आता बोल बाय,
तपासायचा कुणाचा घसा?’

आणि निळा, सर?
‘निळा म्हणजे मधल्या कुणाकडे
सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.
पण तार मेली असं वाटू नये
म्हणून तो नुसता
एक एक एक एक म्हणत बसतो.’

चेंबूरचा तुंगेकर जिन्यातून मोबाइलवर बोलला.
‘लालच आहे हो आमचा. आणि वर दोघींना कळा सुरू,
रिसेप्शनची बाई तिसऱ्यांदा रिसीव्हर आपटतेय.’
तिला म्हणावं, आपटू नको.
रिसीव्हरचा काही दोष नाही.

कार्डाच्या तोंडाशी लूप लावला,
म्हणजे स्वतःचं बोलणं स्वतःलाच ऐकवायचं.
हिरवा.
फ्रेमवर लूप लावला.
लाल.
म्हणजे चेंबूर नाही, रस्ता नाही,
रस्त्याखालची मेट्रोवाल्यांनी खणलेली माती नाही.
मधले नऊ फूट.
बॅटरी तोंडात धरून, गुडघ्यांवर,
केबल बोटांनी चाचपत गेले.
दुपारी एसीवाल्याने शिडी टेकवली होती तिथे
क्लिपमधून निसटलेली एक तार,
पांढरी, निळ्या पट्ट्याची,
केसाएवढी बाहेर.
टूल दाबलं. टक्.
तीन सतरा.

‘वाजला, वाजला,’ तुंगेकर ओरडला,
जणू वर काही झालं होतं.

लॉगबुकात लिहिलं:
पोर्ट चार, छत्तीस मिनिटं.
कारण: आपली जाणारी तार.
‘आपली’ या शब्दाखाली रेघ मारली, मग वाटलं
उगाच मारली. खोडली तर आणखी घाण दिसलं असतं.

सर आता वसईला असतात, गिरीजच्या बाजूला.
चौतीस वर्षं पंख्यांच्या भिंतीशेजारी
खुर्ची टाकून बसले,
त्यात कान गेले.
मशीन लावत नाहीत, शिट्टी मारतं म्हणतात.
दर रविवारी मी फोन करते.
‘हॅलो? कोण? बाय का?’
मी म्हणते, हो सर.
‘हॅलो?’
मी घसा खाकरते, मोठ्याने बोलते,
मग आणखी मोठ्याने,
शेजारीण गॅलरीतून डोकावते.
लाल त्यांच्याकडे, पिवळा माझ्याकडे.
मधले नऊ फूट मी कितीदा तपासले.

तरी ते फोन ठेवत नाहीत.
विहिरीला यंदा गोडं पाणी किती,
वेलची केळीचा घड कुणी रातोरात कापून नेला,
कोणत्या पुतण्याचं लग्न कोणत्या चर्चात,
सगळं सावकाश सांगत राहतात.
आणि मी इकडून, मध्ये मध्ये,
हो
हो
हो
हो